शेटजींना द्यायचं राहिलेलं बोलावणं

आमच्या पेठेतल्या लोकांना शेटजींची एक गोष्ट फार आवडते. नव्या सुनांना सांगतात, बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला जेवता जेवता ऐकवतात. 'आमच्या पेठेचे शेटे इतके निःस्पृह, की पेठेनं त्यांना शेला-पागोटं द्यायचं ठरवलं, देवळात गादी घातली, सगळी पेठ जमली, आणि हे गृहस्थ आलेच नाहीत! मानाची हाव म्हणून नाही बघा.' ऐकणारा मान डोलावतो, सांगणारा आपणच निःस्पृह असल्यासारखा मिशीवरनं हात फिरवतो. परवा माझ्या सुनेनं ती गोष्ट मलाच ऐकवली. मी म्हटलं, "खोटं आहे सगळं." ती म्हणाली, "मामंजी, तुम्हांला काय ठाऊक?"

मला काय ठाऊक! अगं बाई, मी न्हावी आहे या पेठेचा. न्हाव्याचा उकिरडा उकरावा तेवढे केस निघतात म्हणतात ना, तसं माझं आहे. कुणाच्या डोक्यात खवडा आहे, कुणाच्या घरात भावाभावांची चूल वेगळी झाली, सगळं मला ठाऊक. आणि ही गोष्ट तर मला सगळ्यांत जास्त ठाऊक, कारण ती खोटी असण्याचं कारण मीच आहे. इतकी वर्षं अळीमिळी गुपचिळी करून बसलो. आता हात कापतो, वस्तरा मुलाकडे गेला, दिवसभर ओट्यावर बसून असतो, माझ्याशी बोलायला कुणी थांबत नाही. तेव्हा म्हटलं, निदान हे तरी खरं सांगून टाकावं.

शेटे म्हणजे पेठेतल्या व्यापाऱ्यांचा वडीलधारा. बाजार भरवायचा, मापं खरी की खोटी ते बघायचं, दोन दुकानदार एकमेकांच्या गळ्याला लागले की सोडवायचे, सरकारातून कोतवालाचा माणूस आला की त्याच्यासमोर पेठेच्या वतीनं उभं राहायचं. आमचे शेटजी गुळाचे व्यापारी. दुकानात गूळ, पण जिभेवर नावालाही नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "शेटजी, गूळ गोड आहे ना?" तर म्हणाले, "नाही, खारट आहे. गोड हवा असेल तर मिठाचं दुकान पलीकडं आहे." असं बोलणं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. पण तोच माणूस अडचणीत सापडला की रात्रीचा नाही, दिवसाउजेडी, सरळ रस्त्यानं शेटजींच्या दारात जायचा, कारण तिथं गेलं की काम होतं हे सगळ्यांना ठाऊक.

घरी मात्र कुणी नाही. बायको ऐन तारुण्यात गेली, मूलबाळ नव्हतं, दुसरं लग्न केलं नाही. लोक सुचवायचे, मुली सांगून यायच्या, हे म्हणायचे, "माझ्या घरात दोघं आहेत तेवढी पुरेत." दोघं म्हणजे हे आणि एक म्हातारी मोलकरीण, तीही ठार बहिरी. हे बोलायचे ते तिला ऐकू यायचं नाही, आणि ती बोलायची ते यांना ऐकायचं नसायचं. मी आठवड्यातून एकदा हजामतीला जायचो तेव्हा ते मला जरा जास्त वेळ बसवून घ्यायचे. झालं तरी म्हणायचे, "कानामागं राहिलंय बघ." कानामागं काही राहिलेलं नसायचं. मी आपला कोरडाच वस्तरा फिरवायचो आणि गावच्या बातम्या सांगायचो.

माझी त्यांच्याशी खरी गट्टी जमली ती धर्मशाळेत. वेशीबाहेर एक धर्मशाळा होती. पुण्यात तेव्हा जगातला माणूस यायचा. कुणी फौजेत नोकरी मिळते का बघायला, कुणी सरकारातून वाटतात त्या दक्षिणेच्या आशेनं, कुणी नुसताच. त्यांतले काही आजारी पडायचे आणि सोबती त्यांना तिथं टाकून पुढं जायचे. शेटजी दर चार दिवसांनी सकाळी तिथं जायचे. पेज द्यायची व्यवस्था तर त्यांनी केलेलीच होती, पण पैसे देऊन घरी बसणारा तो माणूस नव्हे. स्वतः जाऊन पांघरुणं झटकायचे, कोण उठून बसला, कोण नाही ते बघायचे. एक दिवस मला म्हणाले, "वस्तऱ्याची धोकटी घेऊन माझ्याबरोबर चल. माणसं आहेत की झाडं कळेना, इतके केस वाढलेत."

गेलो. पहिलाच होता फौजेतला एक बारगीर, तापानं पार खंगलेला, डोक्यात उवांचं राज्य. मी वस्तरा काढला, पण पाण्याची वाटी धरायला कुणी नाही. शेटजी माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि वाटी उचलली. मी घाबरलो. "अहो शेटजी, हे काय? पेठेचे शेटे आपण, न्हाव्याची वाटी धरता? लोक काय म्हणतील?" तर म्हणाले, "वाटीच धरलीय, वस्तरा धरला तर बिचारा मरेल. तू तुझं काम कर." नंतर नदीवर जाऊन दोघांनी आंघोळ केली, ते वरच्या बाजूला, मी खालच्या. आणि मग तो नेमच झाला. पुढं किती वर्षं मी तिथं डोकी भादरली आणि पेठेच्या शेट्यांनी माझी वाटी धरली. त्या सकाळी मला कुणाचीही हजामत सांगा, मी जायचो नाही.

धर्मशाळेत त्यांची एक सवय होती. एखादा नेहमीच्या जागेवर दिसला नाही, तर ते पुढं जायचे नाहीत. विहिरीकडं बघतील, मागच्या झाडाखाली बघतील, "कुठं गेला तो?" म्हणून दहाजणांना विचारतील. सापडला की काही बोलायचे नाहीत. नुसतं बघायचे आणि "हं" म्हणायचे.

आता बोलावण्याचं सांगतो, कारण सगळी माशी तिथंच शिंकली. पेठेतलं कुठलंही बोलावणं घरोघर फिरवायचा मान माझ्या घराण्याचा. देवळातला उत्सव असो की बाजाराची बैठक, हातात अक्षता-कुंकवाचं तबक घेऊन मी दारोदार जायचो आणि म्हणायचो, "शेटजींच्या घरून बोलावणं आहे, अमुक दिवशी अमुक वेळी यावं." ऐकायला सोपं आहे. पण पुण्यात बोलावणं देणं म्हणजे उघड्या पायांनी काट्यांतून चालणं. तेल्याच्या आधी तांबोळ्याकडं गेलो, तर तेली येत नाही. धाकट्या भावाच्या हातावर अक्षता दिल्या, तर थोरला येत नाही. ओट्यावरून सांगितलं, आत आलो नाही, म्हणून एका सराफानं सात वर्षं उत्सवाचा प्रसाद घेतला नाही. समोरच राहायचा, रोज खिडकीतून बघायचा, पण आला नाही. बोलावल्याशिवाय जाणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापून घेणं, असं मानणारी ही पेठ, आणि शेटजी तिचे शेटे. ते तर या बाबतीत सगळ्यांच्या वरताण.

म्हणून मी क्रम पाठ करून ठेवला होता. तबक शेटजींच्या घरी भरायचं, तिथून निघायचं, शेजारच्या घरापासून सुरुवात करायची, देवळाला वळसा घालून अत्तरवाल्या मियाँच्या दारात शेवट करायचा. ते मियाँ माणूस फार समजूतदार. शेवटी आलो तरी कधी कपाळाला आठी नाही. तीस वर्षं याच वाटेनं माझे पाय गेले. शेटजींच्या घरी बोलावणं द्यायचा प्रश्नच कधी आला नाही. बोलावणं निघायचंच त्यांच्या घरातून!

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पेठेतल्या पाच मोठ्या दुकानदारांनी ठरवलं की शेटजींना मान द्यायचा. पुढाकार एका कापडवाल्याचा. मोठा उत्साही माणूस, पण त्याच्या उत्साहात जीभ पुढं आणि डोकं मागं. भरजरी शेला त्याच्याच दुकानातला, पागोटं खास बांधून घेतलेलं. मला बोलावून म्हणाला, "हे बघ, या खेपेला तबक माझ्या घरी भरायचं. शेटजींना कशाची तोशीस नको. बोलावणं पेठेच्या नावानं दे." मी म्हटलं, "बरं." त्यानं तबक हातात दिलं. मी निघालो आणि सवयीनं गेलो कुठं? तर शेटजींच्या शेजारच्या घरापासून सुरुवात केली. तिथून वळसा घालून शेवट मियाँच्या दारात. घरी येऊन तबक घासून ठेवलं आणि बायकोला म्हटलं, "एक घर सुटलं नाही आज."

कापडवाल्यानं धरलं होतं की मी शेटजींना सांगणारच. बाकीच्या चौघांना वाटलं की एवढ्या मोठ्या माणसाकडं कापडवाला स्वतः जाणार. आणि मी? मी खरं सांगतो, मला काही वाटलंच नाही. विचारच केला नाही. एवढं सोपं, एवढं भयंकर!

समारंभाच्या दिवशी सकाळी शेटजींचा निरोप आला, हजामतीला ये. त्यांचा दिवस नव्हता. गेलो. आत दांडीवर नवा अंगरखा काढून ठेवलेला, धुवट धोतर, खाली नव्या वहाणा. मी बघितलं आणि मनात हसलो. म्हटलं, म्हातारा सजतोय! ते पाटावर बसले. मी पाणी लावलं. ते म्हणाले, "आज देवळात काही गडबड आहे म्हणे."

"आहे तर!" मी सुटलोच. जाजम कुणाकडचं आणलं, लोड किती, हार कुणी गुंफले, वाजंत्री कुठली, कापडवाल्यानं भाषण पाठ करताना बायकोला कसं पिडलं, सगळं सांगितलं. मला वाटलं, लाजून नाटक करतायत. ते ऐकत होते. मधूनच म्हणाले, "लोक येणार का?"

"अहो, सगळी पेठ येणार! घर न् घर सांगून आलोय मी."

हजामत झाली, मी वस्तरा पुसला, नखं काढली. ते उठेनात. कानामागं राहिलंय असंही म्हणाले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?"

मी धोकटी गुंडाळत म्हटलं, "नाही शेटजी. झालं सगळं."

"बरं," म्हणाले.

तिसऱ्या प्रहरी देऊळ भरलं. सराफ आला होता, तेली-तांबोळी मांडीला मांडी लावून बसले होते, मियाँ अत्तरदाणी घेऊन दारात उभे. मधोमध गादी, लोड, समोर चौरंगावर शेला-पागोटं आणि विडा. वाजंत्री वाजवून वाजवून दमले. गादी रिकामी. कुणी म्हणालं, येतील, आंघोळ करत असतील. कुणी म्हणालं, मोठी माणसं उशिराच येतात. घटका गेली, दुसरी गेली. एकजण म्हणाला, "जाऊन बघावं का?" तर दुसरा म्हणाला, "बघावं काय? बोलावणं गेलेल्या माणसाला पुन्हा बोलवायला गेलं तर त्यांना काय वाटेल? आम्हांला यायचं कळत नाही का, म्हणतील." यावर वाद सुरू झाला. जायचं तर कुणी जायचं? धाकट्यानं गेलं तर अपमान, थोरल्यानं गेलं तर त्याचा अपमान. जमलेल्यांत एकही पाय हलला नाही, जिभा मात्र सगळ्यांच्या हलत होत्या.

तेवढ्यात मियाँ दारातून म्हणाले, "बोलावणं पोचलं होतं ना?"

कापडवाल्यानं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख पडलं. नवा अंगरखा. आणखी काही सांगायचंय? माझ्या पाचावर धारण बसली. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? बोलावण्याचा मान गेला असता, पिढ्यान्‌पिढ्यांचा. चारचौघांत शिव्या खाल्ल्या असत्या. आणि धावत जाऊन शेटजींचे पाय धरले असते तर ते आले असते. एवढंच झालं असतं.

मी म्हटलं, "हो. पोचलं होतं."

झालं. कापडवाल्याचा चेहरा उजळला. उभा राहिला आणि पाठ केलेलं भाषण टाकून देऊन नवंच बोलला. "मंडळी, ओळखलं का तुम्ही? शेटजी मुद्दाम आले नाहीत. ज्यानं जन्मभर दुसऱ्याला दिलं, त्याला घेणं जमेल कसं? याला म्हणतात निःस्पृहता!" लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! सराफानं उपरण्यानं डोळे पुसले. मग असं ठरलं की शेला-पागोटं घरी नेऊन देणं म्हणजे त्यांच्या मनाविरुद्ध जबरदस्ती. ते देवाला वाहावं. वाहिलं. पेढे वाटले. पेठेला असा समारंभ कधी झाला नव्हता म्हणत लोक घरी गेले.

मी शेटजींच्या ओटीवरून गेलो नाही. माझं घर त्याच रस्त्यावर पुढं, पण मी मागच्या बोळातून वळसा घालून गेलो. बायकोनं विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान झालं.

पुढच्या खेपेला हजामतीला गेलो. ते पाटावर बसले. मी पाणी लावलं. म्हणाले, "गर्दी झाली होती?"

"झाली होती."

"बरं झालं," म्हणाले. मी बातम्या सांगितल्या नाहीत, त्यांनी विचारल्या नाहीत. झाल्याबरोबर उठले आणि आंघोळीला गेले.

तिथून पुढं त्यांनी बाजाराच्या बैठकीला येणं सोडलं. मापं बघायचं काम कापडवाल्याकडं दिलं. उत्सवाची बोलावणी त्यांच्याच घरून निघायची, तबक तेच भरून द्यायचे, पण स्वतः देवळात यायचे नाहीत. लोक म्हणायचे, विरक्ती आली. वाटेत दिसले की लांबूनच नमस्कार करायचे, एखाद्या समाधीला करावा तसा. आधी निदान भांडणं घेऊन तरी त्यांच्या ओटीवर माणसं जायची. आता एवढ्या थोर माणसाला कशाला त्रास द्यायचा म्हणून तीही जाईनात. दुकानात गुमास्ते बसायचे, हे ओटीवर. मी एकदोनदा लांबून बघितलं. रस्त्यानं कुणी आलं की मान वर करायचे, माणूस पुढं गेला की खाली.

धर्मशाळेत मात्र नेम चुकला नाही. मी वस्तरा चालवायचो, ते वाटी धरायचे. पण पूर्वी आम्ही दोघं बडबडायचो, आजाऱ्याची थट्टा करायचो, त्याला हसवायचो. ते सगळं थांबलं. नदीवर आंघोळ करून आम्ही वेगवेगळे घरी यायला लागलो. तीन माणसांमध्ये बसूनसुद्धा माणूस किती एकटा पडतो, ते मला त्या वर्षी कळलं. रोज म्हणायचो, आज सांगू. मग म्हणायचो, उद्या सांगू. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. आणि जनाची सोडा, मनाची लाजही मला फक्त धर्मशाळेच्या वाटेवर वाटायची आणि घरी आलो की विसरायची.

पुढचा उन्हाळा आला आणि शेटजींनी अंथरूण धरलं. वैद्य म्हणाले, वय झालं. मी धर्मशाळेत एकटाच गेलो, वाटी जमिनीवर ठेवून काम केलं. तिथला एक लंगडा गोसावी होता, बरेच महिने मुक्काम ठोकून राहिलेला. त्यानं विचारलं, "वाटीवाले बाबा कुठं आहेत?" शेटे, व्यापारी, काही ठाऊक नाही त्याला. वाटीवाले बाबा! मी म्हटलं, आजारी आहेत. तर तो काठी घेऊन उठला आणि म्हणाला, "चल, बघून येऊ." त्याला चार पावलं चालवत नव्हतं. मी त्याला बसवला, आणि तिथून जो निघालो तो सरळ शेटजींच्या घरी आलो.

भर दुपार होती. म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मला बघितलं आणि हातानंच आत जा म्हणून खूण केली. शेटजी खाटेवर पडले होते. दाढी वाढलेली. मला बघून म्हणाले, "आज वार कुठला?"

"हजामतीला नाही आलो, शेटजी," मी म्हटलं, आणि जमिनीवर बसलो. मग एका दमात बोलून टाकलं. "त्या दिवसाचं बोलावणं मी तुम्हांला दिलंच नव्हतं. विसरलो. आणि देवळात सगळ्यांनी विचारलं तेव्हा दिलं म्हणून सांगितलं."

ते वर आढ्याकडं बघत होते. म्हणाले, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू हजामत करत होतास तेव्हापासून. अरे, तीस वर्षं या घरातून बोलावणी गेली. तू विसरलायस हे मला कळणार नाही?"

मला रडूच आलं. म्हटलं, "मग तुम्ही का बोलला नाहीत? मला कानफटवायचं होतं!"

"स्वतःच्या मानाचं बोलावणं स्वतः मागून घ्यायचं? पुण्यात राहतो रे मी." जरासं हसले. खोकला आला. मी पाणी दिलं. त्यांनी भांडं परत दिलं, आणि मला वाटलं, चला, सुटलो. पण ते पुन्हा बोलायला लागले, आणि आवाज अगदी वेगळा होता.

"बोलावण्याचं राहू दे. माणूस आहे, विसरतो. मी अंगरखा घालून ओटीवर बसलो होतो. वाजंत्री ऐकू येत होती. म्हटलं, बोलावणं नाही तर नाही. पण मी आलो नाही, हे त्यांना दिसेलच की. कुणीतरी बघायला येईल. पडलो असेन, मेलो असेन. देऊळ आहे किती लांब? चाळीस पावलं. एकही माणूस आला नाही. दिवे लागले तरी बसलो होतो."

मी मान खाली घातली.

"बाकीचे जाऊ देत," शेटजी म्हणाले. "तू का आला नाहीस? धर्मशाळेत एक माणूस जागेवर नसला, तर आपण दोघं विहिरीत वाकून बघायचो."

भीती वाटली म्हणून? मागच्या बोळातून गेलो म्हणून? मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ओक्साबोक्शी रडलो. बाहेर म्हातारी तांदूळच निवडत होती.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "पुरे. ऊठ. दे आता."

"काय देऊ?"

"बोलावणं. नीट दे. क्रमानं."

मला आधी कळेना. मग कळलं. मी बाहेर आलो, म्हातारीच्या सुपातले मूठभर तांदूळ घेतले, देवघरातलं कुंकू लावलं. पायरी उतरून रस्त्यावर गेलो, आणि परक्या माणसासारखा पुन्हा पायरी चढून दारात उभा राहिलो. "शेटजी आहेत का घरात?" आतून आवाज आला, "या." मी खाटेपाशी गेलो, त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हटलं, "पेठेच्या वतीनं बोलावणं आहे. आज तिसऱ्या प्रहरी देवळात पेठ जमणार आहे. आपण आमच्यासाठी जन्मभर झिजलात, त्याबद्दल शेला-पागोटं द्यायचं आहे. आपण अगत्यानं यावं. आपल्यावाचून..."

त्यांनी अक्षता मुठीत मिटल्या. मूठ कपाळाला लावली. उठून बसायला गेले, पण जमलं नाही. डोळे मिटून म्हणाले, "येतो म्हणून सांग."

मी बाहेर पडलो. बोलावणं घेऊन गेलेल्या माणसानं परत येऊन निरोप सांगायचा असतो, ती रीतच आहे. ऊन असं तापलं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. दुकानांवर पडदे सोडलेले, सगळी पेठ जेवून झोपलेली. मी देवळापर्यंत चालत गेलो. पावलं मोजली. चाळीस नव्हती, छत्तीसच भरली. मंडपात कुणी नव्हतं. मी हातातल्या कुंकवासकट तिथं उभा राहिलो, आणि शेटजी येतो म्हणालेत, हे कुणाला सांगावं ते मला कळेना.